पाण्याचा हिशेब

विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या माणसाला एक अनुभव नित्य येतो. पोहरा पाण्यात बुडालेला असतो तोपर्यंत दोर हाताला हलका लागतो. भरलेला पोहरा पाण्यातल्या पाण्यात वर आणण्यास फारसे श्रम पडत नाहीत. मात्र तोच पोहरा पाण्याबाहेर येऊ लागला, की त्याचे ओझे एकाएकी जाणवते, दोर ताणला जातो आणि शेंदणाऱ्याला दोन्ही पाय घट्ट रोवून उभे राहावे लागते. नदीच्या पात्रातील धोंड्याचीही हीच गोष्ट. पाण्यात असताना जो धोंडा एकट्याला हलविता येतो, तोच काठावर आणल्यावर दोघांनाही जड होतो. खेडोपाडी पोहावयास शिकणारी मुले कमरेला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधतात आणि एवढ्याशा आधारावर त्यांचे शरीर पाण्यावर राहते.

पोहऱ्याचे वजन पाण्यात नाहीसे होते काय? पृथ्वी त्याला बाहेर जेवढ्या जोराने खाली ओढते, तेवढ्याच जोराने ती पाण्याच्या आतही ओढीत असते. तेव्हा वजन नाहीसे झालेले नसते. त्याचा काही भार दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो. हा दुसरा कोणीतरी म्हणजे पाणी होय. पाणी आपल्यात बुडालेल्या प्रत्येक वस्तूला खालून वर रेटते. या वरच्या रेट्याला शास्त्रात प्लावक बल असे नाव आहे.

परंतु एवढ्याने सारे कोडे उलगडत नाही. पाणी जर प्रत्येक वस्तूला वर रेटते, तर लोखंडाचा एवढासा खिळा पाण्यात टाकताच तळाशी का जातो? आणि हजारो टन लोखंडाचे बनविलेले जहाज, पोटात आणखी हजारो टन माल घेऊन, समुद्रावर कसे तरते? पाणी खिळ्याशी कठोर आणि जहाजाशी दयाळू असते काय? तसे मुळीच नाही. पाण्याचा हिशेब सर्वांसाठी एकच आहे आणि तो रतीभरही चुकत नाही. हा हिशेब ज्याने प्रथम मांडला, तो ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज होय.

भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर सिराक्यूज नावाचे ग्रीकांचे एक संपन्न नगर होते. ख्रिस्तपूर्व २८७ च्या सुमारास आर्किमिडीजचा जन्म तेथे झाला. त्या काळी सिराक्यूजवर हिएरो नावाचा राजा राज्य करीत असे. त्याच्यासंबंधीची एक कथा व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने लिहून ठेविली आहे. हिएरोने देवाला वाहण्यासाठी सोन्याचा मुकुट करावयाचे ठरविले आणि सोनाराला त्याकरिता सोने तोलून दिले. ठरल्या वेळी मुकुट तयार होऊन आला. त्याचे वजन दिलेल्या सोन्याइतकेच भरले. तथापि सोनाराने काही सोने काढून घेऊन तितक्याच वजनाची चांदी मुकुटात मिसळली आहे, अशी कुजबुज राजाच्या कानी आली. राजा पेचात पडला. मुकुट वितळवून पाहावा, तर देवाची वस्तू मोडावी लागणार. न पाहावा, तर चोरी पचणार. मुकुटाला धक्का न लावता त्याची परीक्षा करण्याचे काम त्याने आर्किमिडीजकडे सोपविले.

आर्किमिडीज या प्रश्नाचा अहोरात्र विचार करीत होता. एके दिवशी तो स्नानासाठी काठोकाठ भरलेल्या टाकीत उतरला, तेव्हा जसजसे शरीर आत जाऊ लागले तसतसे पाणी बाहेर सांडू लागले. त्याच्या मनात एकदम प्रकाश पडला. बाहेर सांडणारे पाणी आणि आत शिरलेले शरीर, या दोहोंचे घनफळ सारखेच असले पाहिजे! मुकुट कितीही वेडावाकडा, नक्षीदार असला, तरी त्याने जितके पाणी बाजूला सारले तितकेच त्याचे घनफळ. चांदी सोन्याहून हलकी असल्यामुळे त्याच वजनाच्या चांदीला अधिक जागा लागते. तेव्हा मुकुटात चांदी असेल, तर तो शुद्ध सोन्याहून अधिक पाणी सांडील. “युरेका, युरेका!” म्हणजे “सापडले, सापडले!” असे ओरडत तो वस्त्रांचेही भान न ठेवता घराकडे धावत सुटला, असे ही कथा सांगते. पुढे मुकुटाची परीक्षा झाली आणि सोनाराची लबाडी उघडकीस आली.

व्हिट्रुव्हियसने ही कथा आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिली. त्यामुळे तिच्यातील प्रत्येक तपशील जसाच्या तसा घडला असेल, असे म्हणता येत नाही. तथापि आर्किमिडीजने तरंगणाऱ्या वस्तूंवर एक ग्रंथ लिहिला होता, यात शंका नाही. त्या ग्रंथात त्याने जो नियम सिद्ध केला, तो आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो नियम असा: कोणतीही वस्तू द्रवात थोडी अथवा पूर्णपणे बुडविली असता द्रव तिला खालून वर रेटतो, आणि हा रेटा त्या वस्तूने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतका असतो.

हा नियम असाच का असावा, हे समजण्यासाठी एक कल्पना करावी. एका शांत, भरलेल्या हौदात मध्यभागी पाण्याचाच एक गोळा आहे असे मानावे. त्याच्याभोवती जणू काही अतिशय पातळ अशी रेषा आखली आहे; आतही पाणी, बाहेरही पाणी. या गोळ्याला वजन आहे; पृथ्वी त्याला खाली ओढीत आहे. तरीही तो खाली जात नाही किंवा वरही येत नाही, जागच्या जागी स्थिर राहतो. याचा अर्थ, भोवतालचे पाणी त्याला वर रेटून त्याचे सारे वजन तोलून धरते. आता हा पाण्याचा गोळा काढून त्याच्या जागी अगदी तेवढाच दगडाचा गोळा ठेविला, असे मानावे. भोवतालच्या पाण्याला आत काय आहे हे कळत नाही. त्याचा दाब पूर्वीसारखाच राहतो. पाण्याच्या गोळ्याला ते जितक्या जोराने रेटीत होते, तितक्याच जोराने ते दगडालाही रेटते. तो जोर म्हणजे त्या जागेतील पाण्याचे वजन. लाकूड असो, सोने असो, अथवा मनुष्य असो, जितकी जागा व्यापिली तितक्या पाण्याच्या वजनाएवढा आधार त्याला मिळतो. त्याहून गुंजभर अधिक नाही आणि उणाही नाही.

पाण्यात हा रेटा येतो कोठून, असेही कोणी विचारील. पाण्यात जितके खोल जावे तितका त्याचा दाब वाढत जातो. म्हणूनच धरणाची भिंत माथ्यापेक्षा पायथ्याशी कितीतरी रुंद बांधतात. पाण्यात बुडालेल्या वस्तूचा तळ तिच्या माथ्याहून खोल असतो. साहजिकच तळाला खालून मिळणारा दाब, माथ्यावर वरून पडणाऱ्या दाबापेक्षा जास्त असतो. या दोहोंतील फरक तोच वरचा रेटा होय.

नियमाची सत्यता साध्या प्रयोगाने पडताळून पाहता येते. काळ्या पाषाणाचा एक तुकडा दोऱ्याने ताणकाट्याला टांगावा. त्याचे वजन ५८० ग्रॅम भरले असे समजावे. मग काठोकाठ पाणी भरलेल्या भांड्यात तो अलगद पूर्ण बुडवावा, आणि सांडलेले पाणी दुसऱ्या भांड्यात धरावे. दगड तळाला टेकू देऊ नये. ताणकाटा आता ३८० ग्रॅम दाखवील, म्हणजे २०० ग्रॅम वजन कमी भरले. सांडलेले पाणी तोलून पाहावे. तेही २०० ग्रॅमच भरते. दगडाचे जेवढे ओझे कमी झाले, तेवढ्याच वजनाचे पाणी त्याने बाजूला सारलेले असते.

याच प्रयोगातून आणखी एक उपयुक्त गोष्ट हाती येते. दगडाचे वजन ५८० ग्रॅम आणि त्याच्याच घनफळाच्या पाण्याचे वजन २०० ग्रॅम. तेव्हा तो दगड पाण्याच्या २.९ पट जड आहे. कोणताही पदार्थ त्याच्याच घनफळाच्या पाण्याहून किती पट जड आहे, हे सांगणाऱ्या अंकाला त्या पदार्थाचे विशिष्ट गुरुत्व म्हणतात. हा अंक लोखंडाच्या बाबतीत सुमारे ७.८, चांदीच्या बाबतीत १०.५, शिशाच्या बाबतीत ११.३, पाऱ्याच्या बाबतीत १३.६ आणि सोन्याच्या बाबतीत १९.३ आहे. खोबरेल तेलाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ०.९२, तर बुचाचे केवळ पाव असते. ज्याचे विशिष्ट गुरुत्व एकाहून अधिक, तो भरीव पदार्थ पाण्यात बुडतो. ज्याचे एकाहून कमी, तो तरतो. लोखंडाचा खिळा स्वतःच्या वजनाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतकेच पाणी बाजूला सारू शकतो. त्यामुळे त्याला आधारही तेवढाच मिळतो आणि बाकीचे वजन त्याला तळाशी नेते.

विशिष्ट गुरुत्व हे पदार्थाच्या आकारावर अथवा वजनावर अवलंबून नसते. गुंजभर सोन्याचे आणि मणभर सोन्याचे विशिष्ट गुरुत्व एकच. म्हणून पदार्थाची ओळख पटविण्यास तो एक चांगला साक्षीदार ठरतो. हिएरो राजाच्या मुकुटाचा हिशेब या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १,००० ग्रॅम शुद्ध सोन्याचा मुकुट सुमारे ५२ घन सेंटिमीटर जागा व्यापील. त्यातील ३०० ग्रॅम सोन्याऐवजी चांदी घातली, तर तो सुमारे ६५ घन सेंटिमीटर होईल. फरक केवळ १३ घन सेंटिमीटरांचा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात एवढ्या फरकाने पाण्याची पातळी अर्धा मिलिमीटरही वाढणार नाही. इतका सूक्ष्म फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण होय.

इटलीतील गॅलिलिओ या शास्त्रज्ञाच्या ध्यानात ही अडचण तरुणपणीच आली. १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एका छोट्या तराजूवर निबंध लिहिला. आर्किमिडीजसारख्या कुशाग्र पुरुषाने सांडलेले पाणी मोजण्याची ओबडधोबड रीत वापरली नसावी, असे त्याचे मत होते. पदार्थ आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तराजूने तोलावा, अशी रीत त्याने सुचविली. या रीतीने शुद्ध सोन्याचा मुकुट पाण्यात सुमारे ५२ ग्रॅमांनी हलका भरेल आणि भेसळीचा ६५ ग्रॅमांनी. तेरा ग्रॅमांचा फरक तर साध्या तराजूलाही सहज कळतो.

साक्षीदार कितीही चांगला असला तरी त्याची साक्ष कोठवर धरावी, हेही ठाऊक असले पाहिजे. टंगस्टन नावाच्या धातूचे विशिष्ट गुरुत्व जवळजवळ सोन्याइतकेच आहे. सोन्याच्या आत तो दडविला, तर केवळ पाण्यात तोलून ही लबाडी कळत नाही; तेथे दुसऱ्या परीक्षा कराव्या लागतात. दुधाचेही तसेच आहे. दुधाचे विशिष्ट गुरुत्व पाण्याहून किंचित अधिक, सुमारे १.०३ असते. दूध तपासण्यासाठी काचेची एक पोकळ नळी वापरतात. तिच्या तळाशी वजन आणि वरच्या बारीक दांडीवर खुणा असतात. तिला दुग्धमापी किंवा लॅक्टोमीटर म्हणतात. दुधात पाणी घातले, की दूध हलके होते आणि ही नळी त्यात अधिक खोल बुडते. परंतु मलई दुधाच्या मानाने हलकी असते. ती काढून घेतली तर दूध उलट जड होते, आणि मग त्यात बेताने पाणी घातल्यास नळी पुन्हा पूर्वीच्याच खुणेवर येते. म्हणून दुधाची परीक्षा करताना दुग्धमापीबरोबर दुधातील स्निग्धांशही मोजतात.

शेतकऱ्यालाही हा हिशेब उपयोगी पडतो. भाताचे बियाणे पेरण्यापूर्वी ते मिठाच्या पाण्यात बुडवून निवडावे, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात आणि ढवळून स्थिर होऊ देतात. पोचट, रोगट आणि अर्धवट भरलेले दाणे हलके असल्यामुळे वर तरंगतात. ते काढून टाकतात. भरदार दाणे तळाशी बसतात. ते स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवितात आणि पेरणीसाठी घेतात. साध्या पाण्यातही अगदी पोकळ दाणे वर येतात. पण मिठाने पाण्याचे विशिष्ट गुरुत्व थोडे वाढते आणि चाळण अधिक बारीक होते. जो दाणा साध्या पाण्यात कसाबसा बुडाला असता, तोही मिठाच्या पाण्यात वर येतो. अशा रीतीने एका घमेल्यात पुढील हंगामाच्या पिकाची निवड होऊन जाते.

मीठ विरघळल्याने पाणी जड होते, म्हणूनच समुद्राच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व गोड्या पाण्याहून अधिक, सुमारे १.०२५ असते. पश्चिम आशियातील मृत समुद्रात तर मिठाचे प्रमाण इतके आहे की तेथील पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.२४ च्या जवळपास पोहोचते, आणि त्यात मनुष्याने बुडी मारू म्हटले तरी ते जमत नाही. बर्फ पाण्याहून हलका असल्याने समुद्रावर तरंगतो. पण तो अगदी थोडाच हलका असल्यामुळे हिमनगाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली दडलेला असतो आणि डोळ्यांना केवळ त्याचा माथा दिसतो. १९१२ साली ‘टायटॅनिक’ हे प्रचंड जहाज अशाच एका हिमनगावर आदळून बुडाले आणि दीड हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

आता जहाजाचे कोडे सोडविण्यास अडचण पडू नये. ७८० ग्रॅम वजनाचा लोखंडाचा भरीव गोळा घेतला, तर त्याचे घनफळ १०० घन सेंटिमीटर भरेल. तो १०० ग्रॅम पाणी बाजूला सारील, त्याला १०० ग्रॅमांचाच आधार मिळेल, आणि तो बुडेल. त्याच लोखंडाचा पत्रा ठोकून त्याचे एक खोलगट भांडे केले, आणि भांड्याने बाहेरून व्यापलेली जागा २,००० घन सेंटिमीटर झाली, असे समजावे. लोखंड तेवढेच आहे, वजनही तेवढेच आहे. पण आता पाणी बाजूला सारण्याची त्याची शक्ती वीसपट झाली. भांडे पाण्यात ठेविताच ते खाली जाऊ लागते. ७८० घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारले, की त्याला ७८० ग्रॅमांचा आधार मिळतो. तेथे त्याचे वजन आणि पाण्याचा रेटा यांची तोंडमिळवणी होते आणि भांडे थांबते, म्हणजेच तरते. भांड्याच्या पोटातील रिकामी जागा वाया गेलेली नसते. पाणी हटवून आधार मिळविण्याचे काम तीच करीत असते.

लोखंडाचे जहाज तरेल, हे लोकांना प्रथम पटत नसे. पुष्कळ शतके जहाजे लाकडाचीच बांधीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जमशेटजी बमनजी यांच्या हाताखाली सागवानाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली, आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही पाण्यावर आहे. लाकूड तर मुळातच तरते, परंतु लोखंड? १७८७ साली जॉन विल्किन्सन या कारखानदाराने इंग्लंडमधील सेव्हर्न नदीत ‘ट्रायल’ नावाची लोखंडी नाव सोडली. ती बुडेल, असेच बहुतेकांना वाटत होते. नाव तरली, मालही घेऊन गेली, आणि शंका घेणारे गप्प झाले. आज तर समुद्रावरील बहुतेक सर्व मोठी जहाजे पोलादाची असतात. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोखंडी बार्जांनी लोहखनिजच मुरगाव बंदराकडे वाहून नेले. लोखंडाच्या पाठीवर लोखंड तरले! युद्धनौकेचे वजन सांगताना तर ती किती टन पाणी बाजूला सारते, हेच सांगण्याची पद्धत आहे. कोची येथे बांधलेली आणि २०२२ साली भारतीय नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका चाळीस हजार टनांहून अधिक पाणी बाजूला सारते. तेच तिचे वजन.

मात्र पाण्याच्या हिशेबाला दुसरीही बाजू आहे. वर सांगितलेल्या भांड्यात १,००० ग्रॅम वाळू भरली, तर एकूण वजन १,७८० ग्रॅम होईल. भांडे आणखी खोल जाईल आणि पुन्हा तरेल. आता त्याच्या पदरी केवळ २२० ग्रॅमांची शिल्लक राहिली. तेवढ्याहून अधिक वाळू घातली, की पाणी काठावरून आत शिरते. पाणी आत शिरताच भांड्यातील पोकळी संपते, आणि ते भांडे न राहता पुन्हा १०० घन सेंटिमीटर लोखंड होऊन जाते. मग त्याला तळाशी जाण्यास क्षणही पुरतो. शिवाय घमेल्यातील पाणी शांत असते. समुद्रावर लाटा असतात. काठापर्यंत भरलेले जहाज बंदरात तरंगताना दिसेल, पण पहिल्याच वादळात लाटा त्याच्यावर चढतील. म्हणून जहाजाचा काही भाग पाण्याच्या वर कोरडा राखून ठेवावा लागतो. ती त्याची संकटकाळासाठी ठेविलेली शिल्लक होय.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील कित्येक जहाजमालक ही शिल्लक राखीत नसत. जितका माल अधिक, तितका नफा अधिक. जुनी, खिळखिळी जहाजेही ते गच्च भरून पाठवीत. जहाज बुडालेच, तर विम्याचे पैसे मिळत. बुडणारे खलाशी मात्र परत येत नसत. अशा जहाजांना लोक तरंगत्या शवपेट्या म्हणू लागले होते. एकदा करार केल्यावर, जहाज धोक्याचे आहे म्हणून त्यावर चढण्यास नकार देणाऱ्या खलाशांना तुरुंगात धाडले जात असे.

या अन्यायाविरुद्ध सॅम्युएल प्लिमसॉल हा गृहस्थ उभा राहिला. तो स्वतः कोळशाचा व्यापारी होता, आणि १८६८ साली तो डर्बी शहरातून पार्लमेंटवर निवडून आला होता. जहाज किती भरावे याची मर्यादा कायद्याने ठरवावी आणि तिची रेषा जहाजाच्या बाजूवर रंगवावी, अशी त्याची मागणी होती. ही कल्पना त्याच्या आधी इतरांनीही मांडली होती; परंतु तिच्यासाठी झगडण्याचे व्रत त्याने घेतले. १८७३ साली त्याने खलाशांच्या हालअपेष्टांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि साऱ्या देशाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. सभागृहात जहाजमालकांचे वजन मोठे होते. जुलै १८७५ मध्ये सरकारने खलाशांच्या संरक्षणाचे विधेयक पुढे ढकलले, तेव्हा प्लिमसॉलचा तोल सुटला. भर सभागृहात त्याने जहाजे बुडविणाऱ्यांना दुष्ट म्हणून धिक्कारले. त्याबद्दल त्याला पुढे क्षमा मागावी लागली. पण लोकमत त्याच्या बाजूने उसळले. १८७६ साली कायदा झाला आणि जहाजांवर भाररेषा रंगविणे सक्तीचे ठरले.

तथापि या कायद्यात एक मोठी उणीव राहिली होती. रेषा कोठे काढावी, हे जहाजमालकानेच ठरवावयाचे होते! जहाजाला किती भार सोसतो हे पाण्यावर ठरते, मालकाच्या इच्छेवर नव्हे. हे मान्य होण्यास आणखी चौदा वर्षे लागली. १८९० साली रेषेची जागाही कायद्याने ठरवून दिली. पुढे १९३० साली आणि नंतर १९६६ साली अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन भाररेषेचे आंतरराष्ट्रीय नियम केले. प्लिमसॉल १८९८ साली वारला. पण त्याचे नाव या खुणेला कायमचे चिकटले आहे.

मुंबईच्या अथवा न्हावा शेवा येथील बंदरात उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या मध्यभागी, बाजूवर, ही खूण आढळते. एक वर्तुळ आणि त्यातून आडवी गेलेली रेषा असे तिचे रूप असते. शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आणखी काही रेषा असतात. एकच रेषा पुरत नाही, कारण सर्व पाणी सारखे नसते. १०,२५० टन वजनाच्या जहाजाला समुद्रात १०,००० घनमीटर पाणी बाजूला सारावे लागते. पण नदीच्या गोड्या पाण्यात त्यालाच १०,२५० घनमीटर पाणी सारावे लागते. म्हणजे तेच जहाज, तोच माल. पण नदीत ते अधिक खोल बसते आणि समुद्रात जाताच किंचित वर येते. म्हणून गोड्या पाण्यासाठी रेषा वेगळी. शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडील समुद्र खवळलेला असतो. तेथे जहाजाने अधिक शिल्लक राखली पाहिजे, म्हणून हिवाळ्याची रेषा उन्हाळ्याच्या रेषेहून खाली. उष्ण प्रदेशातील समुद्र त्या मानाने शांत, म्हणून त्याची रेषा थोडी वर. माल चढविताना या रेषांवर नजर ठेवतात आणि ठरलेली रेषा पाण्याला टेकली, की माल चढविणे थांबवितात.

आर्किमिडीजने नियम शोधला, तेव्हा जगात एकही लोखंडी जहाज नव्हते. त्याचा नियम दोन हजार वर्षे ग्रंथांत होताच. पण गच्च भरलेल्या जहाजांवरील खलाशांना त्याचा लाभ मिळाला, तो तो नियम रंगाने जहाजाच्या अंगावर उतरला तेव्हा. पाणी कोणाची भीड धरीत नाही. राजाच्या मुकुटाला आणि शेतकऱ्याच्या दाण्याला ते एकाच मापाने मोजते. त्याचा हिशेब ज्यांनी समजून घेतला, त्यांना ते आपल्या पाठीवर साऱ्या जगाचा माल वाहून देते. आणि ज्यांनी तो लोभाने डावलला, त्यांच्या चुकीची किंमत पुष्कळदा जहाजावरच्या गरीब माणसांना द्यावी लागली. बंदरातील जहाजाच्या कुशीवर रंगविलेली ती साधी रेषा या दोन्ही गोष्टींची खूण आहे.